चहावाल्यांची बैठक

आमच्या घरात 'बसणं' या शब्दाला एकच अर्थ होता. बाकी सगळीकडे माणसं ओट्यावर बसतात, जेवायला बसतात, एस.टी.त बसतात. माझे यजमान मात्र दिवेलागणीनंतर दारात येऊन "बसलो होतो" एवढंच म्हणायचे, आणि कुठे, कुणाबरोबर, काय घेऊन, हे विचारायची गरज उरायची नाही. सासूबाई पाण्याचा गडवा घेऊन पुढे व्हायच्या. गडवा देताना त्या लेकाच्या तोंडाशी इतक्या जवळ जायच्या की बघणाऱ्याला माया वाटावी. मायाच होती ती. पण त्या वास घ्यायच्या. मग आत यायच्या आणि चुलीवरचं झाकण उगाच उचलून परत ठेवायच्या. त्या आवाजावरून मला कळायचं.

आमचं गाव मोताळ्याहून रोहिणखेडकडे जाताना लागतं. यजमानांचं मोताळ्यात बी-बियाणं आणि खतांचं दुकान होतं. शेती धाकट्या दिरांकडे, म्हणजे भाऊजींकडे. त्यात भाजीपाला जास्त. मी शाळेत मराठी शिकवते. मला मूल नाही. भाऊजींची दोन लेकरं, माझी जाऊ, सासूबाई आणि आम्ही, असं एकाच छपराखालचं घर होतं. आता त्यातून एक माणूस वजा झालं आहे, तरी मी अजून ताटं घेताना एक जास्त घेते आणि परत मांडणीत ठेवते.

ते गेले तेव्हा हरभऱ्याला घाटे भरले होते. आधी डोळे पिवळे झाले, मग पोटात पाणी झालं, आणि मग फार वेळ लागला नाही.

दहावा नळगंगेच्या काठावर केला. आम्ही बायका थोड्या लांब, दगडांवर बसलो होतो. पिंड ठेवून सगळे मागे सरले. कावळे होते, समोरच्या बाभळीवर मान वाकडी करून बसले होते, पण खाली येईनात. लोक एकेक करून पुढे जाऊन हात जोडून सांगू लागले, दुकानाची चिंता करू नको, मायची चिंता करू नको. कावळे हलले नाहीत. ऊन चढलं. तेव्हा एक चुलत सासरे म्हणाले, "अरे, त्याच्या आवडीचं काई ठेवा ना."

मी सकाळी निघताना शेतातून हरभऱ्याचे डहाळे उपटून पिशवीत ठेवले होते. त्यांना हुळा फार आवडायचा. शेतातच काड्या-कुड्या पेटवून त्यावर डहाळे भाजायचे, काळ्या बोटांनी घाटे सोलायचे आणि अर्धे स्वतः खाऊन अर्धे माझ्या ओंजळीत टाकायचे. ओठ काळे करून दोघंही घरी यायचो. मी पिशवीत हात घातला, तोवर भाऊजी उठून मोटरसायकलपाशी गेले होते. डिक्कीतून त्यांनी एक क्वार्टर काढली, बूच उघडलं आणि पिंडाशेजारी ठेवली.

कावळा आला. लगेच आला. लोकांनी सुटकेचा निःश्वास टाकला. "पाहा," चुलत सासरे म्हणाले, "जीव त्याच्यातच अडकला होता त्याचा."

मी हात पिशवीतून बाहेर काढला. एका माणसाच्या सबंध आयुष्यातून काय निवडलं गेलं, ते मी बघत होते. मग आणखी एक गोष्ट बघितली. सगळे आंघोळीला नदीकडे वळले, तेव्हा भाऊजींनी ती बाटली उचलली. पाण्यात ओततील असं मला वाटलं. ते बाभळीमागे गेले.

त्या क्षणी मला पुढचं सगळं दिसलं. हाच काठ, हीच बाभूळ, आणि भाऊजींच्या पिंडाशेजारी अशीच एक बाटली. कावळा शिवेल, लोक समाधानाने घरी जातील, आणि सासूबाई दुसऱ्यांदा दगडावर बसून राहतील. दुःखाला जागा लागते म्हणतात, पण मला नीट दुःखही करता येईना. मध्ये ही भीती येऊन बसली होती.

खुणा मला पाठ होत्या. सकाळी मेथीच्या जुड्या बांधताना भाऊजींच्या हातातून सुतळी निसटायची. पहिल्या दोन-तीन जुड्या सैल व्हायच्या. जाऊ त्या मुकाट्याने सोडून पुन्हा बांधायची. "हात गारठले," ते म्हणायचे. चैत्रातही म्हणायचे.

मी पुस्तकांकडे गेले. अडचण आली की दुसरीकडे जायची मला सवय नाही. यकृत कसं काम करतं, मेंदूला सवय कशी लागते, घरच्यांनी काय बोलावं, काय बोलू नये, सगळं वाचलं. प्रत्येक पुस्तकाच्या शेवटी एक वाक्य असायचंच: आपल्या जवळच्या मदतगटाशी संपर्क साधा. जवळचा म्हणजे कुठला, हे त्या पुस्तकांना कुठून ठाऊक असणार? मोताळ्यात दारू कुठे मिळते हे शेंबडं पोरही सांगेल. ती सोडवायला माणसं कुठे जमतात, हे मी ज्यांना ज्यांना विचारलं त्यांनी आधी माझ्याकडे बघितलं आणि मग "बुलढाण्याले इचारा" म्हणून सांगितलं.

बुलढाण्याला माझं माहेर आहे. तिथल्या एका डॉक्टरीणबाईंकडे मी स्वतःचं काहीतरी दाखवायला म्हणून गेले आणि उठता उठता विचारलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "तुमच्या मोताळ्यातच आहे की," त्या म्हणाल्या. "बाजाराच्या दिवशी दुपारी बैठक भरते, असं माझा एक पेशंट सांगत होता. नक्की कुठे ते माहीत नाही. पाटी नसते हो त्यांची. नावंही सांगत नाहीत एकमेकांची बाहेर. पण चौकशी केली तर कळेल."

म्हणून पुढच्या बाजाराच्या दिवशी मी शाळेतून अर्धी रजा काढली आणि चौकशी करायला निघाले.

बाजारात विचारायचं कसं, याचा मी एस.टी.त विचार करत होते. निम्म्या बाजारात माझ्या विद्यार्थ्यांचे आईबाप असतात. 'दारू सोडणाऱ्यांची' असं मोठ्याने म्हटलं तर संध्याकाळपर्यंत गावात बातमी. म्हणून मी एका पानठेल्यावर गर्दी कमी झाल्यावर गेले आणि आवाज खाली आणून, माझ्या मते अगदी नेमक्या शब्दांत विचारलं, "इथे बाजाराच्या दिवशी एक बैठक असते म्हणे. दारूच्या संबंधातली."

पानवाल्याचा चुना लावणारा हात थांबला. "संबंधातली," तो म्हणाला. "हाव, असते ना. तशी रोजच असते. बाजाराच्या दिवशी मोठी असते."

"कुठे?"

"घरचं कोनी बसलं हाय काय तिथं, मॅडम?"

"नाही. एकाला आणायचं आहे. म्हटलं, आधी आपण बघून यावं."

त्याने पान बाजूला ठेवलं. मग त्याने हाताने दाखवलं, बंद पडलेल्या कापसाच्या जिनिंगच्या मागे, पत्र्याचं शेड. मी आभार मानले. मी वळल्यावर तो शेजारच्या चपलावाल्याला काहीतरी म्हणाला, ते मला ऐकू आलं नाही. चपलावाल्याचं "बाप्पा!" तेवढं ऐकू आलं.

शेडात सात-आठ माणसं पोत्यांवर गोल करून बसली होती. मधे कागदावर फुटाणे आणि शेव. प्लास्टिकचे पेले होते. वास आला, पण अशा माणसांच्या अंगाला वास असणारच, अशी मी मनाची समजूत घातली. पुस्तकांत लिहिलंच होतं की सगळे गोलात बसतात. मी दारात उभी राहिले, नमस्कार केला आणि म्हणाले, "मला एका नवीन माणसाला इथे आणायचं आहे. काही नियम आहेत का?"

एकजण अतिशय अदबीने म्हणाला, "नियम एकच हाय, मॅडम. आपला चखना आपन आनाचा."

हसण्याचा जो स्फोट झाला त्यात पत्रा वाजला असेल. आणि मग मला पेल्यांतलं दिसलं. मागे वळून पळून जायला हवं होतं, पण मी तिथेच उभी राहून बरीच वाक्यं बोलले. घरात एक माणूस गेला, दुसरा त्याच वाटेवर आहे, डॉक्टरांनी बैठक सांगितली, मला वाटलं हीच. आवाज फुटला असावा, कारण हसणं एकदम थांबलं. एकाने आपला पेला पोत्यामागे सरकवला.

"अबे, ते वाले!" मघाचाच माणूस म्हणाला. "चहावाले!"

"हाव बे, चहावाले!"

"कोण चहावाले?"

"तेच, मॅडम, तुमी ज्यायले पाहून राह्यल्या. चा पेतात नुसता. आमचे दोन मेंबर नेले त्यायनं. चांगले बसनारे होते." त्याने हे इतक्या मनापासून सांगितलं की क्षणभर मलाही त्या दोन मेंबरांबद्दल वाईट वाटलं.

कोपऱ्यातला एक वाळका माणूस उठला. इस्त्रीचा शर्ट, पण वरची बटणं चुकीच्या काजात. तो मला शेडाबाहेर रस्त्यापर्यंत सोडायला आला. बोट दाखवत त्याने पत्ता सांगितला. बाजारओळीतून डावीकडे, खतांच्या दुकानामागची गल्ली, बंद खानावळीची मागची खोली. "मीबी गेल्तो तिथं," तो खाली बघत म्हणाला. "चांगले लोक हायत. कोनी कोनाले बोलत नाई. मलेच नाई जमलं. तुमच्या मानसाले जमन कदाचित. न्या त्याले."

खतांचं दुकान म्हणजे आमचं दुकान. आता ते भाड्याने दिलं आहे. त्याच्या मागच्या दाराने मी किती वेळा डबा घेऊन गेले असेन. खानावळ त्या दाराच्या समोरच होती.

दार लोटलेलं होतं. आत पाचसहा माणसं होती, एक किटली होती आणि जमिनीवर एक मोठं कापड अंथरलेलं होतं. कापड उलटं होतं, तरी मी ओळखलं. एका बियाणं कंपनीच्या जाहिरातीचं ते, दुकानावर लावायला यायचं तसलं. कडेला निळ्या रंगाचा डाग होता. आमच्या दुकानाचं शटर रंगवताना डबा सांडला होता, तेव्हाचा. मी त्या डागाकडे बघत उभी राहिले. पांढऱ्या मिशांचे एक गृहस्थ पुढे आले. त्यांना माझा चेहरा ओळखीचा वाटला असावा. मी कुणाची कोण ते सांगितल्यावर ते म्हणाले, "त्यायनंच देलं हे. एक दिवस मांगच्या दारातून आले, म्हनले, गार फरशीवर कायले बसता, हे घ्या. आमी म्हनलं, या ना आत, चा घ्या. तं हसले. म्हनले, मले कायले? मी तं शेजारी."

"पुन्हा आले होते?"

"आत नाई आले. पन दुकान लवकर बंद केलं तरी मांगचं दार उघडं ठेवत. आमचं बोलनं आयकू जात असन."

मी तिथेच खाली बसले. त्याच कापडावर. जी खोली मी पुस्तकांत आणि बुलढाण्याच्या दवाखान्यात शोधत फिरले, ती त्यांच्या पाठीमागे होती, आणि त्यांना ठाऊक होती. मला कुणी चहा दिला. फार गोड होता. मी रडले, तेव्हा कुणीही "रडू नका" म्हणालं नाही, हे मी विसरलेले नाही.

निघताना मी शेडाची गोष्ट सांगितली. पांढऱ्या मिशांचे गृहस्थ हसू दाबत म्हणाले, "मॅडम, मीटिंग म्हना ना, मीटिंग. बैठक म्हनसान तं समदे तिकडंच धाडतीन." मीटिंग हा शब्द मी मुलांच्या निबंधांत लाल शाईने खोडते आणि वर बैठक लिहिते.

"तुमच्यापैकी कोणी घरी येऊन भाऊजींना समजावेल का?" मी विचारलं. त्यांनी मान हलवली. "आमी बोलवाले जात नाई. त्याले यावंसं वाटलं पाह्यजे. दार उघडं हाय."

उघड्या दाराचं काय होतं ते मी नुकतंच ऐकलं होतं. परतीच्या एस.टी.त मी एकच विचार करत आले. भाऊजींना यावंसं कसं वाटणार?

बातमी माझ्याआधी गावात पोचली होती. मी दारात आले तर सासूबाई गडवा घेऊन उभ्या. मी हात पुढे केला. त्यांनी गडवा दिला नाही. त्या माझ्या जवळ आल्या, अगदी जवळ, आणि थांबल्या. मग त्यांनी माझ्या तोंडाचा वास घेतला.

"आई!" मी म्हणाले.

"चक्कीवर बाया म्हनून राह्यल्या," त्या ओशाळून म्हणाल्या, "मॅडम जिनिंगच्या शेडात बसते म्हने."

जाऊ आतून धावत आली आणि काय झालं ते कळल्यावर दाराच्या चौकटीला धरून हसत खाली बसली. त्या घरात दहाव्यानंतर पहिल्यांदा कुणी असं हसत होतं. सासूबाई आधी रागावल्या, मग त्याही पदर तोंडाला लावून हलू लागल्या.

भाऊजी हसले नाहीत. त्यांना शेतातच कुणीतरी सांगितलं होतं. माझ्याबद्दल असं कोण बोलतं ते बघतो, म्हणून ते तसेच चिखलाच्या पायांनी मोटरसायकल काढून शेडाकडे गेले. आम्ही तिघी ओट्यावर वाट बघत राहिलो. ते भांडायला गेले आहेत, बसायला गेले आहेत, की दोन्ही, हे ठरवता येत नव्हतं.

ते लवकरच परत आले. पायरीवर माझ्यासमोर उभे राहिले. सरळ उभे होते.

"वहिनी, तुमी खरंच त्या शेडात गेल्त्या?"

"हो."

"चांगल्या घरची बाई जाते काय तिथं?"

"चांगल्या घरचा मानूस जाते ना मंग," जाऊ मागून म्हणाली.

त्यांनी तिकडे लक्ष दिलं नाही. "त्यायनं सांगतलं मले. तुमी चहावाल्यायचा पत्ता इचारत होत्या. कोनासाठी?"

सगळ्यांना माहीत असलेलं उत्तर पुन्हा कशाला द्यायचं?

"मी तं एवढी नाई घेत, वहिनी. दादाची गोष्ट येगळी होती." हे म्हणताना त्यांनी दोन्ही हात खिशात घातले.

पुस्तकांत अशा वेळी काय बोलायचं ते दिलं होतं. मला त्यातलं काही आठवलं नाही. मी त्यांना कापडाचं सांगितलं. निळा डाग, गार फरशी, मागचं उघडं दार. शटर त्या दिवशी दोघा भावांनी मिळून रंगवलं होतं. डबा भाऊजींच्याच पायाने सांडला होता.

ते पायरीवर बसले. "मंग तो आत काऊन नाई गेला?" त्यांनी विचारलं. मला नाही, समोरच्या अंगणाला विचारावं तसं.

"मला माहीत नाही, भाऊजी."

मग ते उठले. "पुढल्या बाजारी वांगे घेऊन जाचेच हाय मोताळ्याले," ते म्हणाले आणि हातपाय धुवायला मागे गेले.

त्या बाजारी मी त्यांच्याबरोबर गेले आणि खानावळीच्या पायरीवर बसून राहिले. आतलं बोलणं ऐकू येत होतं, पण मी मुद्दाम बाजाराच्या आवाजाकडे कान ठेवले. ते बोलणं त्यांचं होतं. दारातून एकदाच आत बघितलं. भाऊजी कडेला, दाराजवळ बसले होते आणि अंगठ्याने तो निळा डाग खरवडत होते. बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय झालं?"

"चा चांगला होता," ते म्हणाले. "साखर लय टाकतात."

एस.टी.त, गाव जवळ आल्यावर, ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "एकजन तं माह्यीच गोष्ट सांगून राह्यला होता. मले वाटलं, याले कोनं सांगतली?"

हे सगळं सोपं झालं असं मी लिहिणार नाही. जाऊचा विश्वास बसायला वेळ लागला. "तिथंबी चखना मांगत असतीन हे," ती म्हणायची, आणि बाजाराच्या दिवशी मात्र त्यांचा शर्ट आधीच धुवून ठेवायची. सुरुवातीचे दिवस त्यांना फार जड गेले. घाम, चिडचिड, झोप नाही. बुलढाण्याच्या डॉक्टरीणबाईंकडून औषध आणावं लागलं. त्या म्हणाल्या, "एकदम सोडताना औषध हवंच. बरं झालं आलात."

पोळ्याला ते पुन्हा बसले. जुन्या अर्थाने. बैल सजवून, मिरवून आले आणि तिथूनच गेले. सासूबाईंनी गडवा दिला, आत आल्या, झाकण उचलून परत ठेवलं. तो आवाज मी मधल्या काही महिन्यांत विसरत चालले होते. पुढच्या बाजारी भाऊजी म्हणाले की वांगी नाहीत, जायचं काही कारण नाही. वांगी होती. मग आणखी एक बाजार गेला. तिसऱ्या वेळी ते आपणहून तयार झाले. कसं काय, ते त्यांनी मला नंतर वांग्यांच्या वाफ्यात बसून, गवत उपटत सांगितलं.

"शेडात त्या दिवशी तो वायका मानूस होता ना, वहिनी, तुमाले पत्ता सांगनारा. त्यानं मले पेला भरून देला. अन् पाठीवर हात ठेवून म्हने, तू वापस आला, मले लय बरं वाटलं बे. एकटं एकटं वाटत होतं." त्यांनी गवताची मुळं झटकली. "ते आयकून मले भेव वाटलं."

मीटिंगमध्ये त्यांना कुणी कुठे होतास असं विचारलं नाही. सरकून जागा केली.

तो वाळका माणूस अजून तिथे आलेला नाही. बाजारात दिसतो. मी नमस्कार करते, तोही करतो, आणि प्रत्येक वेळी विचारतो, "जमून राह्यलं ना त्याले?" मी हो म्हणते. तुम्हीही या, असं म्हणायचं ओठावर येतं, पण बोलवायला जायचं नसतं, हे मी शिकले आहे. मी फक्त दुकानामागच्या गल्लीकडे जरा जास्त वेळ बघते.

वर्षश्राद्ध बाजाराच्या दिवशीच आलं. हरभऱ्याला पुन्हा घाटे भरले होते. सकाळपासून घर माणसांनी भरलं. चुलत सासरे आले, भाऊबंद आले. वडे तळून झाले, खीर झाली, पानं वाढायची वेळ आली आणि भाऊजी नव्हते. नैवेद्य त्यांनीच ठेवायचा होता. मोटरसायकल जागेवर नव्हती. जाऊ दोनदा रस्त्यापर्यंत जाऊन आली. या वेळी ती काहीच बोलली नाही, आणि तेच मला भिववत होतं. भावाची तिथी. पोळ्याला काय झालं होतं ते सगळ्यांना आठवत होतं.

चुलत सासऱ्यांनी नैवेद्याच्या ताटाकडे बघितलं. "त्याच्या आवडीचं आनलं काय बे कोनी?" ते म्हणाले. सहज म्हणाले, त्यात वाईट काही नव्हतं. एकदोघांनी एकमेकांकडे बघितलं.

"आणलंय," मी म्हणाले. सकाळीच मी बांधावर डहाळे भाजले होते. घाटे सोलून पदरात घेऊन आले होते. माझी बोटं अजून काळी होती. मी ते हिरवे दाणे ताटात, खिरीच्या वाटीशेजारी ठेवले. चुलत सासरे वाकून बघत राहिले. मग म्हणाले, "हाव, खरं हाय. हुळ्यासाठी वेडा होता तो. लहानपनी माह्या वावरातून उपटून नेत होता."

तेवढ्यात मोटरसायकल वाजली.

भाऊजी फाटकातून आले. ऊन लागून चेहरा लाल झाला होता, डोळेही लाल होते. सासूबाई गडवा घेऊन दारात उभ्या होत्या.

"कुठी होता रे?"

"बसलो होतो," ते म्हणाले.

सवयीने तोंडातून गेलं असावं. चुलत सासऱ्यांनी खाली बघितलं. माझ्या शेजारी जाऊने हातातलं वड्यांचं ताट खाली ठेवलं.

सासूबाई पायरी उतरून त्यांच्याजवळ गेल्या, नेहमीसारख्या, अगदी जवळ. भाऊजींना काय झालं ते तेव्हा कळलं असावं. ते चिडले नाहीत. त्यांनी गुडघे थोडे वाकवले, आईच्या उंचीला आले आणि लहान मूल जसं गोळी गिळल्याचं दाखवतं तसं तोंड मोठं उघडलं. सासूबाईंनी वास घेतला. मग पुन्हा घेतला.

"चा पेला यानं," त्या आमच्याकडे वळून म्हणाल्या.

"साखर लय टाकतात," भाऊजी म्हणाले. "दादाचा दिवस हाय म्हनून आज मीच बोललो तिथं. दादाचंच बोललो. लांबलं." त्यांनी डोळे बाहीने पुसले.

"लांबलं तं लांबलं," जाऊ म्हणाली. "हात धुवा आता. वडे गार झाले."

सासूबाईंनी गडवा त्यांच्या हातात दिला.